केळी पिकली की नाही? फझी टोपॉलॉजीत 'वेगळं करणं' म्हणजे काय

जळगाव जिल्ह्यात रावेर, सावदा, यावलकडे केळीचा घड हिरवाच कापतात, माल लांब जायचा असतो ना, आणि पिकवायचं काम नंतर रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन देऊन होतं. आता चेंबरमधून मध्येच एक फणी बाहेर काढली, टोकं हिरवी, बाकी पिवळं, तर ती 'पिकलेली' या गटात टाकायची का नाही? शाळेतल्या सेट थिअरीत उत्तर एकतर हो नाहीतर नाही. लोट्फी झादेह यांनी १९६५ मध्ये मांडलं की एखादी वस्तू गटात किती प्रमाणात आहे ते ० ते १ मधल्या कुठल्याही आकड्यानं सांगू द्या. आपली फणी समजा ०.६ पिकलेली, म्हणजे ०.४ न पिकलेली. हा झाला फझी सेट. तीनच वर्षांनी, १९६८ मध्ये, सी. एल. चँग यांनी यावर टोपॉलॉजी, म्हणजे अंतर न मोजता जवळीक आणि सलगपणा सांगायची रचना, उभी केली. काही फझी सेट 'ओपन' ठरवायचे, कितीही ओपन सेटांचा युनियन घेतला तरी तो ओपनच निघाला पाहिजे आणि मोजक्या ओपन सेटांचं इंटरसेक्शनही ओपनच. युनियनला मोठा आकडा घ्यायचा, इंटरसेक्शनला लहान, बस.

इथपर्यंत सोपं आहे, खरी गंमत सेपरेशन अ‍ॅक्सियममध्ये, म्हणजे बिंदू आणि सेट एकमेकांपासून किती वेगळे करता येतात याच्या अटींमध्ये, सुरू होते.

नेहमीच्या टोपॉलॉजीत हाउसडॉर्फ यांची १९१४ ची अट प्रसिद्ध आहे, दोन वेगळे बिंदू घ्या, दोघांभोवती असे ओपन सेट मिळाले पाहिजेत की ते एकमेकांत कुठंच येत नाहीत. रेग्युलर स्पेसमध्ये हेच काम एक बिंदू आणि त्याच्यापासून बाजूला असलेला एक क्लोज्ड सेट (ज्याच्या बाहेरचा सगळा भाग ओपन असतो) यांच्यासाठी करायचं. कम्प्लिट रेग्युलॅरिटी याच्याही पुढं जाते, ती म्हणते नुसतं वेगळं करून भागणार नाही, बिंदूवर ० आणि त्या क्लोज्ड सेटवर सगळीकडं १ दाखवणारं एक कंटिन्युअस, म्हणजे कुठंही एकदम उडी न मारणारं, फंक्शन द्या, म्हणजे मधली सगळी चढण सलग भरून द्या. रेग्युलर आहे पण असं फंक्शन मिळतच नाही अशाही स्पेस आहेत, म्हणून ही अट खरोखर वेगळी धरावी लागते.

आता फझीकडं या. 'एकमेकांत येत नाहीत' हे इथं म्हणायचं कसं? आपली फणी पिकलेल्यात ०.६ आणि न पिकलेल्यात ०.४, इंटरसेक्शनला लहान आकडा घ्यायचा, आला ०.४. म्हणजे सेट आणि त्याचाच कॉम्प्लिमेंट (उरलेला भाग) यांचं इंटरसेक्शन रिकामं नाही! नेहमीच्या गणितात हे शक्यच नाही. पू पाओ-मिंग आणि लिऊ यिंग-मिंग यांनी १९८० च्या पेपरमध्ये इंटरसेक्शन बाजूला ठेवून बेरीज धरली, दोन्ही आकड्यांची बेरीज कुठंतरी १ च्या वर गेली तरच ते सेट एकमेकांत शिरलेत असं समजायचं. ०.६ अधिक ०.४ बरोबर १, वर गेली नाही, म्हणजे पिकलेलं आणि न पिकलेलं पुन्हा वेगळं झालं. मला ही कल्पना फार आवडते, इतकी साधी आहे आणि अडचण बरोब्बर सोडवते. अर्थात इंटरसेक्शन धरा नाहीतर बेरीज धरा, बिंदूलाही ०.३ किंवा ०.७ असं वजन द्या, त्यामुळं फझी हाउसडॉर्फच्या व्याख्या एक नाही, बऱ्याच झाल्या आणि त्या सगळ्या सारख्या नाहीत.

मग वाटतं की कम्प्लिट रेग्युलॅरिटी तर इथं फुकटात मिळेल, ० ते १ ची चढण सेटांमध्ये आधीच आहे की! पण नाही मिळत, आणि कारण बघण्यासारखं आहे. नेहमीच्या ० ते १ च्या मोजपट्टीवरचे ओपन सेट हे पक्के हो-नाहीवाले असतात, त्यामुळं फंक्शननं उलटं मागं आणले (ज्या बिंदूंची किंमत त्या सेटात पडते ते गोळा केले) की तेही हो-नाहीवालेच निघतात, आणि फंक्शन कंटिन्युअस असेल तर ते ओपनही असावे लागतात. ज्या फझी स्पेसमध्ये रिकामा आणि संपूर्ण सोडून दुसरा कुठलाही पक्का सेट ओपन नाही, तिथं अशा पट्टीवर जाणारं कंटिन्युअस फंक्शन फक्त एकाच प्रकारचं, सगळीकडं एकच किंमत देणारं. स्पेसमध्ये कितीही बारीक फरक असू दे, पट्टीला तो दिसतच नाही.

म्हणून ब्रूस हटन यांनी १९७५ मध्ये पट्टीच फझी केली. तिच्यावरची प्रत्येक 'संख्या' म्हणजे ० च्या आधी १ वर असलेला, १ च्या पुढं ० वर असलेला, मध्ये कधीच वर न चढणारा एक आलेख, तो प्रत्येक ठिकाणी सांगतो की मी इथल्यापेक्षा किती प्रमाणात मोठा आहे. साधी ०.४ ही संख्या म्हणजे ०.४ ला एकदम खाली पडणारा आलेख, बाकीच्या संख्या हळूहळू उतरतात. या पट्टीवर मग बिंदूंचा नादच सोडता येतो. कुठलाही ओपन सेट घ्या, तो छोट्या फझी सेटांच्या युनियननं बनला पाहिजे, आणि त्या प्रत्येक तुकड्यासाठी असं कंटिन्युअस फंक्शन पाहिजे जे तुकड्यावर १ कडे असतं आणि मूळ सेटच्या बाहेर ० कडे. ही झाली फझी कम्प्लिट रेग्युलॅरिटी. आणि हटन यांनी १९७७ मध्ये दाखवलं की ज्या फझी स्पेसवर युनिफॉर्मिटी, म्हणजे जवळ-लांब सगळीकडं एकाच मापानं बोलायची सोय, बसवता येते त्या नेमक्या ह्याच स्पेस, नेहमीच्या टोपॉलॉजीत असतं अगदी तसंच.