खाद्यगाडीचा सौर वीजपुरवठा

फिरत्या खाद्यगाडीवरील दिवे, फ्रिज, पंखा, मिक्सर यांसारखी साधने सौर पॅनेलने चार्ज होणाऱ्या बॅटरीवर चालवण्याची व्यवस्था. पॅनेल, बॅटरीचे चार्जिंग नियंत्रित करणारा चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि बॅटरीतली वीज घरगुती एसी विजेत बदलणारा इन्व्हर्टर हे तिचे मुख्य भाग. तिच्यामुळे जनरेटरचा आवाज, धूर आणि इंधन यांतून सुटका होते. मात्र ती पेलेल की नाही हे बहुतांशी एकाच गोष्टीवर ठरते: पदार्थ तापवायचे कशावर?

१२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे १.२८ किलोवॉट-तास ऊर्जा मावते. २,००० वॉटची इंडक्शन शेगडी पूर्ण जोरात ठेवली, तर ती बॅटरी अर्ध्या-पाऊण तासात रिकामी होते. याउलट १ किलो एलपीजीमध्ये साधारण १२.८ किलोवॉट-तास उष्णता असते, म्हणजे तशा दहा बॅटऱ्यांइतकी. बर्नरभोवतीची निम्मी उष्णता वाया गेली तरी हे अंतर भरून निघत नाही. त्यामुळे शेगडी गॅसवर आणि उरलेले सारे विजेवर, हीच विभागणी लहान गाडीला परवडते. विजेची किटली, टोस्टर ही छोटी दिसणारी साधनेही याच हिशेबात मोडतात.

बाकीची गरज माफक असते. १० वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास लावले तर २०० वॉट-तास, ५०० वॉटचा मिक्सर एकूण अर्धा तास चालला तर २५०, २० वॉटचा पंखा पाच तास फिरला तर १००. फ्रिज मात्र रात्रीही बंद ठेवता येत नाही. ४५ वॉटचा कॉम्प्रेसर दिवसाच्या २४ तासांपैकी निम्मा वेळ चालतो असे धरले, तरी एकट्याचेच ५४० होतात. वाटेतली घट मिळवून दिवसाला १,२०० वॉट-तास लागतात. ४०० वॉटचे पॅनेल चार तासांच्या भर उन्हाइतका प्रकाश मिळाल्यास, २५ टक्के घट वजा जाता, नेमके तेवढेच देते. ढगाळ दिवसासाठी काहीच शिल्लक उरत नाही, म्हणून बॅटरी दिवसाच्या गरजेच्या दुप्पट क्षमतेची घेणे शहाणपणाचे.

लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त असली तरी टिकवायची असेल तर निम्मीच वापरावी लागते, आणि १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी ३० किलोच्या आसपास भरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची त्याच क्षमतेची बॅटरी साधारण १२ किलोची असते आणि ८० ते ९० टक्के वापरता येते. गाडी हाताने ढकलायची असेल, तर हा फरक किमतीपेक्षा मोठा ठरतो. ही बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करू नये.

मिक्सरची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. इन्व्हर्टर तेवढा झटका सोसणारा हवा. १२ व्होल्टवर २,००० वॉट म्हणजे १६५ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह, त्यासाठी वायर फार जाड लागते. २४ व्होल्टवर प्रवाह निम्मा होतो.

खरी अडचण जागेची. गिऱ्हाईक सावलीत थांबते, पॅनेलला ऊन हवे असते आणि झाडाची थोडी सावलीही त्याचे उत्पादन बरेच खाली आणते. शिवाय ४०० वॉटचे पॅनेल जवळपास दोन चौरस मीटर जागा अडवते, म्हणजे लहान गाडीचे बहुतेक छप्परच. २५ अंश सेल्सिअसपुढे पॅनेलचे तापमान दर अंशाने वाढताना उत्पादन ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, म्हणून पॅनेल आणि छप्पर यांत हवा खेळायला फट ठेवतात. तळणीच्या वाफेचा तेलकट थर काचेवर बसतो, तोही पुसावा लागतो.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या अगदी जवळ बसवतात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळाल्यास तळाशी साचतो. त्यामुळे बॅटरी, इन्व्हर्टर आणि सिलिंडर एकाच खालच्या बंद कप्प्यात ठेवू नयेत. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी जोडणीचे स्क्रू सैल होतात, सैल जोड तापतो, म्हणून ते अधूनमधून आवळावे लागतात. सलग ढगाळ दिवसांत रात्री गाडी जिथे उभी असते तिथल्या विजेवर बॅटरी चार्ज करून घेतात.