फिक्सेटिव्ह मारल्यावर धुकं कुठे गेलं?

मागच्या डिसेंबरात वाईला गेलो होतो, मेणवलीच्या घाटावर सकाळी साडेसहाला जाऊन बसलो आणि सॉफ्ट पेस्टलमध्ये एक लँडस्केप केलं. खाली कृष्णेचं पाणी, मधे काळपट झाडी, आणि मागे धोमच्या बाजूचे डोंगर एकामागे एक, प्रत्येक मागचा पुढच्यापेक्षा जास्त फिकट आणि जास्त निळसर. पाण्यावर पातळ धुकं होतं, ते पांढरट खडू आडवा धरून, अजिबात दाब न देता, झाडीवरून नुसता फिरवून काढलं. मनासारखं जमलं. मग घरी येईपर्यंत हात लागून खराब होऊ नये म्हणून तिथेच फिक्सेटिव्हचा, म्हणजे खडू कागदाला धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, स्प्रे मारला आणि दोन मिनिटांत धुकं गेलं. पुसलं गेलं नाही, उडालं नाही, बोट लावून बघितलं तर खडू जिथल्या तिथे होता, पण धुकं दिसेना आणि मागचे डोंगर एकदम चार पावलं पुढे आल्यासारखे वाटायला लागले.

बरोबरचा एकजण म्हणाला, केमिकलने रंग जळाला. हे मी नंतरही बऱ्याच जणांकडून ऐकलंय, स्प्रेमुळे रंगावर रिॲक्शन होते वगैरे. तर तसं काही नाही. रिॲक्शन होत नाही, रंग जळत नाही, एकही रंगकण बदलत नाही. बदलतं ते कणांच्या मधलं काहीतरी, आणि ती गोष्ट मला इतकी आवडते की त्यासाठीच हा लेख लिहितोय.

आधी एक गोंधळ दूर करू. पेस्टल म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात, एक म्हणजे शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वेळी वापरलेले ऑइल पेस्टल, आणि दुसरं लग्नातली ‘पेस्टल थीम’, म्हणजे फिकट गुलाबी, फिकट पोपटी. सॉफ्ट पेस्टल हे दोन्ही नाही. ऑइल पेस्टलमध्ये तेल आणि मेण असतं. सॉफ्ट पेस्टल कोरडा, यात रंगकण म्हणजे पिगमेंट, बऱ्याचदा थोडी चॉक पावडर, आणि धरून ठेवायला अगदी नावापुरता डिंक. हा डिंक पारंपरिकपणे ट्रॅगाकांथचा, इराण-तुर्कस्तानकडच्या काटेरी झुडपांमधून निघतो, पाण्यात तो नीट विरघळत नाही, फुगून चिकट खळीसारखा होतो. त्यात पिगमेंट मळायचं, वळकट्या करायच्या, वाळवायच्या, झाला पेस्टल. डिंक जास्त झाला तर कांडी दगडासारखी होते आणि कागदावर उमटतच नाही, कमी झाला तर हातात भुगा. आणि हे रंग फिकटच असतात असं अजिबात नाही, चॉक न घातलेली अल्ट्रामरीनची कांडी कागदावर ओढून बघा, इतका कडक निळा तेलरंगातसुद्धा सहज मिळत नाही. का मिळत नाही, ते पुढे येईलच.

आता स्वयंपाकघरात चला. खडीसाखरेचा खडा उजेडात धरा, आरपार दिसतं. तोच खडा मिक्सरमधून काढा, पिठीसाखर पांढरीशुभ्र. पांढरा रंग कुठून आला? बाहेरून काहीच घातलं नाही. म्हणजे घातलं, हवा घातली. खडा होता तेव्हा उजेड एकदा आत शिरायचा आणि एकदा बाहेर पडायचा, दोनच पृष्ठभाग. पीठ झाल्यावर साखर-हवा-साखर-हवा असे हजारो पृष्ठभाग तयार झाले, आणि माध्यम बदललं की प्रत्येक वेळी थोडा उजेड मागे फिरतो. थोडाथोडा करत जवळजवळ सगळाच परत येतो, आणि सगळ्या रंगांचा सारखाच येतो, म्हणून पांढरं. काचेचा चुरा पांढरा का, समुद्राचा फेस पांढरा का, तर हेच. पेस्टलमधला चॉकसुद्धा असाच, त्याचा एकेक कण सुटा घेतला तर जवळपास रंगहीन आणि पारदर्शक असतो.

‘थोडा उजेड मागे फिरतो’ म्हणजे किती, ते काढता येतं. शाळेत अपवर्तनांक शिकलोय आपण, म्हणजे एखाद्या माध्यमात उजेड हवेपेक्षा किती पट हळू जातो तो आकडा, हवेचा १, पाण्याचा १.३३. चॉकचा साधारण १.६ धरा. उजेड सरळ पडला तर दोन अपवर्तनांकांची वजाबाकी भागिले बेरीज, आणि त्याचा वर्ग, एवढाच भाग परावर्तित होतो. चॉक आणि हवा: ०.६ भागिले २.६, वर्ग केला की ०.०५३, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर. आता फिक्सेटिव्ह म्हणजे काय, तर पटकन उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेलं रेझिन, म्हणजे राळेसारखा चिकट पदार्थ, द्रव उडतो आणि रेझिन कणांच्या मधल्या फटींत बसतं, जिथे आधी हवा होती तिथे. रेझिनचा अपवर्तनांक साधारण १.५. पुन्हा गणित करा, चॉक आणि रेझिन: ०.१ भागिले ३.१, वर्ग ०.००१. म्हणजे पाच टक्क्यांवरून एक दशांश टक्का. पन्नास पट कमी! उजेडाच्या दृष्टीने चॉकचा कण जवळजवळ नाहीसाच झाला, तो आहे तिथेच आहे पण उजेडाला तो आता अडवत नाही. प्रत्यक्षात सगळ्याच फटी भरत नाहीत आणि उजेड तिरकाही पडतो, त्यामुळे फरक बरोबर पन्नास पट दिसत नाही, पण दिशा हीच.

माझं धुकं असंच गेलं. ते चॉकचा एक पातळ थर होता, खाली झाडीचा काळपट हिरवा. आधी उजेड चॉकमधूनच परत यायचा, खालच्या हिरव्यापर्यंत फार कमी पोचायचा. स्प्रेनंतर चॉक पारदर्शक झाला आणि झाडी वर आली.

रंगीत कणांचं थोडं वेगळं आहे आणि तिथे जरा डोकं लावावं लागतं. उजेडाचा एक फोटॉन रंगाच्या थरात शिरतो, कणावर आपटतो, दिशा बदलतो, पुढच्यावर आपटतो, अशी त्याची भटकंती चालते. या भटकंतीत जितकं अंतर तो रंगकणांच्या आतून जाईल तितकी त्याची शोषला जाण्याची शक्यता वाढते. मधे हवा असेल तर विखुरणं जोरदार, फोटॉन वरच्यावर चार-दोन वळणं घेऊन बाहेर पडतो, शोषला जायला वेळच मिळत नाही, रंग उजळ. मधे रेझिन किंवा पाणी असेल तर विखुरणं कमी, आणि जे होतं तेही फोटॉनला मागे न फिरवता साधारण पुढच्याच दिशेला किंचित वळवतं, त्यामुळे तो खोल जातो, परत यायला त्याला खूप जास्त वेळा आपटावं लागतं, तोवर शोषला जातो, रंग गडद. (वर जे वर्गाचं सूत्र दिलं ते सपाट मोठ्या पृष्ठभागाचं आहे. कण एखाद-दोन मायक्रॉनचा, म्हणजे उजेडाच्या तरंगलांबीच्या आसपासचा झाला की ते ढोबळ ठरतं, मग गुस्ताफ मी (Mie) या जर्मन शास्त्रज्ञाचं १९०८ सालचं गणित लागतं. त्यात विखुरलेल्या उजेडाचा प्रत्येक कोनातला हिस्सा काढता येतो, आणि अपवर्तनांकातला फरक कमी केला की पुढच्या दिशेचा हिस्सा कसा वाढतो ते त्यात स्पष्ट दिसतं.)

पावसाची पहिली सर आली की मातीचा रस्ता गडद होतो, ओला शर्ट गडद दिसतो, अंगणातली रांगोळी शिंतोड्यांनी मंदावते, तिथेही हेच आहे. ओलं गडद का दिसतं यावर स्वीडनच्या आंगस्ट्रॉमने १९२५ साली एक स्पष्टीकरण दिलं होतं, की पाण्याच्या पातळ थरात उजेड आतल्या आत परावर्तित होऊन अडकतो आणि पुन्हापुन्हा जमिनीवर आपटून शोषला जातो. ते चूक नाही, पण वाळूसारख्या कणाकणाच्या गोष्टीला पुरत नाही. १९८६ मध्ये ट्वोमी, बोरेन आणि मर्गेंथेलर यांनी दुसरं मांडलं, ते म्हणजे वरचंच, पाण्यामुळे विखुरणं पुढच्या दिशेला वळतं. पेस्टलला हे दुसरं जास्त लागू पडतं असं माझं मत, कारण हलक्या फिक्सेटिव्हचा वर सलग थर बनतच नाही.

यातून एक कामाची गोष्ट निघते. काही पांढऱ्या कांड्यांत चॉकऐवजी टायटॅनियम व्हाइट हे पिगमेंट असतं, त्याचा अपवर्तनांक २.७ च्या आसपास. हवेत त्याचं परावर्तन सुमारे २१ टक्के, रेझिनमध्ये गेलं तरी आठ टक्के उरतं. म्हणजे रेझिनमधला टायटॅनियमसुद्धा हवेतल्या चॉकपेक्षा सरस. म्हणून एकाच चित्रात एका कांडीचं पांढरं स्प्रेनंतर टिकतं आणि दुसरीचं गायब होतं. आपल्याकडच्या कांड्यांत काय आहे ते बघायचं तर एका रद्दी काळ्या कागदावर सगळ्या फिकट कांड्यांचे पट्टे ओढा, अर्ध्यावर स्प्रे मारा. मी तो तक्ता केलाय आणि बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलाय.

अल्ट्रामरीनची गंमत याच्या उलट. त्याचा अपवर्तनांक १.५ च्या जवळ आणि जवसाच्या तेलाचा १.४८. त्यामुळे तेलात घातला की विखुरणं जवळपास संपतं आणि ट्यूबमधून निघणारा अल्ट्रामरीन काळपट दिसतो, पांढरा मिसळल्याशिवाय निळा खुलत नाही. तोच कोरडा, हवेत, पेटल्यासारखा निळा. फ्रेंच चित्रकार इव्ह क्लाइन या कोरड्या निळ्याच्याच मागे लागला होता, पावडरचा दिसतो तसा रंग कॅनव्हासवर हवा म्हणून. पॅरिसमधल्या एदुआर आदां या रंगविक्रेत्याबरोबर त्याने असं रेझिन शोधलं ज्यात पिगमेंट बुडत नाही, कण उघडे राहतात, आणि १९६० मध्ये त्याने त्या पद्धतीची नोंदही केली. सॉफ्ट पेस्टल वापरणाऱ्याला हे बसल्या जागी मिळतं.

आणि आता आकाशाकडे बघा. ढग म्हणजे काय, पारदर्शक पाण्याचे थेंब आणि मधे हवा. पिठीसाखरच. म्हणजे पेस्टलने ढग काढतो तेव्हा कागदावरचा ढग आणि वरचा ढग एकाच कारणाने पांढरे असतात! ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी काम थांबवून बराच वेळ नुसता वर बघत होतो. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या युजेन बूदँला हे भौतिकशास्त्र माहीत असायचं कारण नाही, पण त्याने समुद्रावरच्या आकाशाची पेस्टलमध्ये ढीगभर छोटी चित्रं केली, आणि त्यांच्यावर तारीख, वेळ, वारा लिहून ठेवायचा. ढग दोन मिनिटांत बदलतो, तेलरंग ओला राहतो, पेस्टलला वाळायचंच नसतं, म्हणून हे साधलं. १८५९ साली बोदलेअर या कवीने ती बघून लिहिलं होतं की लिहिलेलं झाकलं तरी ऋतू, वेळ आणि वारा ओळखता येतो. तरुण मोनेला उघड्यावर बसून चित्र काढायला याच बूदँने लावलं.

दूरचे डोंगर निळे दिसतात तेही विखुरण्यामुळेच, फक्त तिथे कण फारच लहान, हवेचे रेणू. इतक्या लहान कणांकडून निळा उजेड लाल उजेडापेक्षा चारेक पट जास्त विखुरतो. डोंगर जितका लांब तितकी मधली हवा जास्त, तितका हा निळा पडदा जाड. धुक्यातले थेंब मोठे, ते सगळे रंग सारखे विखुरतात, म्हणून धुकं पांढरं आणि लांबचा डोंगर निळा. कागदावर हाच पडदा करायचा तर गडद डोंगर आधी काढून त्यावरून फिकट खडू हलका फिरवायचा, नुसता पांढरा फिरवला तरी गडदावर तो किंचित थंड, निळसर वाटतो. काळ्या दाराजवळ उदबत्तीचा धूर निळा दिसतो तसं. लिओनार्दोनेही धुराचं हे निरीक्षण लिहून ठेवलंय.

एक गोष्ट मात्र चिडून सांगायची आहे. हल्ली ‘नैसर्गिक रंग, म्हणून शंभर टक्के सुरक्षित’ असं सांगून काहीही विकलं जातं. पिवळा हरताळ, जो पोथीत चूक झाली की फासायचे आणि ज्याच्यावरून ‘हरताळ फासणे’ आलं, तो पूर्ण नैसर्गिक आहे आणि आर्सेनिकचा आहे. हिंगूळही नैसर्गिक, तो पाऱ्याचा. पिगमेंट कुठून आलं यापेक्षा त्यात काय आहे आणि ते नाकात जातंय का, हे बघायचं. पेस्टलची धूळ श्वासात जाते, कांडी कुठलीही असो, चित्रावर फुंकर मारू नका, बोर्ड बाहेर नेऊन मागून टिचकी मारा, पंखा बंद ठेवा, घरात लहान मूल असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि फिकट रंगांनी घरात पॉझिटिव्ह एनर्जी येते, अमुक दिशेला अमुक शेड लावा, असं सांगून पैसे घेणाऱ्यांना विचारा की ही एनर्जी किती ज्यूल. एनर्जी मोजता येते, नववीच्या पुस्तकात आहे.

पेस्टल टिकत नाही असंही लोक म्हणतात. तेल नाही म्हणून काळाबरोबर पिवळं पडणं नाही, लिओतारची चॉकलेट घेऊन जाणारी मुलगी १७४० च्या दशकातली, ड्रेस्डेनला आहे, आजही ताजी दिसते. पिगमेंट कच्चं असेल तर उन्हात उडणारच, ते कुठल्याही माध्यमात उडतं. खरा धोका घासण्याचा, आणि आपल्याकडे पावसाळ्यात बुरशीचा, म्हणून चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट हवीच, काच चित्राला टेकता कामा नये. ॲक्रिलिक शीट शक्यतो नको, ती पुसली की तिच्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि ती खडूचे कण ओढून घेते.

फेब्रुवारीत पुन्हा मेणवलीला गेलो. यावेळी पॉलिश पेपरसारखा खरखरीत कागद नेला, त्याच्या खाचा जास्त कण धरतात. डोंगर आणि झाडी काढून झाल्यावर स्प्रे मारला, गडद व्हायचं ते होऊ दिलं, आणि धुकं सगळ्यात शेवटी घातलं, त्यावर काहीच मारलं नाही. वर बटर पेपर ठेवून, दोन पुठ्ठ्यांमध्ये चारी बाजूंनी टेप लावून, एसटीत मांडीवर आडवं धरून पुण्याला आणलं. धुकं आहे अजून.