घरी खोलून ठेवलेली जुनी गाडी: पासिंग, पार्किंग आणि कागदपत्रं

जुनी पद्मिनी, जीप किंवा येझदी घरी आणून सावकाश दुरुस्त करायची असेल तर महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा असा एकच अर्ज नाही. प्रोजेक्ट कारचा परवाना वगैरे कुठल्या ऑफिसात मिळत नाही. म्हणून लोक समजतात की काहीच लागत नाही, आपली गाडी आपलं अंगण, आणि नेमकं तिथेच अडकतात. गाडी कुणाची आणि कशी नोंदलेली आहे हे आरटीओ बघतं, ती कुठे उभी आहे हे सोसायटी बघते, आणि गेटच्या बाहेर गेली की पोलीस आणि महानगरपालिका येतात. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एकाकडे सगळं क्लिअर असलं म्हणून दुसरा ऐकत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल पण हे वाचाच. इंजिन खोलायच्या आधी कागद पूर्ण करा. मी उलटं केलं. बाबांची 1982 ची प्रीमियर पद्मिनी, बाबा गेले आणि मी दुःखातून बाहेर यायला म्हणा किंवा कसंही, चार महिन्यांनी गाडी खोलायला घेतली, इंजिन खाली उतरवलं, सीटं काढली, पत्राकाम सुरू केलं, आणि गाडी नावावर करायचं राहूनच गेलं. मग नावावर करायला गेलो तर चालू इन्शुरन्स आणि पीयूसी मागितलं. पीयूसी काढायला इंजिन चालू लागतं, आणि इंजिन तर हॉलच्या कोपऱ्यात चादरीखाली. सुरू होत असतानाच, भले धूर काढत का होईना, हे काम केलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

वडिलांची किंवा आजोबांची गाडी असेल तर नियम असा की मालकाच्या मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि 3 महिन्यांत फॉर्म 31 भरून नावावर करायची. सोबत मूळ आरसी बुक, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाकीच्या वारसांची ना-हरकत (आई, बहीण, भाऊ सगळ्यांची, नंतर करू म्हणून ठेवू नका), इन्शुरन्स, पीयूसी, पॅन आणि पत्त्याचा पुरावा. विकत घेतलेली असेल तर फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30, दोघांच्या सह्या, दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, आणि जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर दिसत असेल तर बँकेकडून फॉर्म 35. तो बोजा वीस वर्षांपूर्वी फिटलेला असतो पण आरसीवर तसाच असतो, बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते, आणि मग शाखा शोधत फिरावं लागतं, म्हणून पैसे द्यायच्या आधी आरसीची ती ओळ वाचा. गोव्याहून किंवा दुसऱ्या राज्यातून गाडी आणली तर 12 महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो, आणि रोड टॅक्स वेगळा.

फार जुन्या गाड्यांची अजून एक अडचण म्हणजे नंबर ऑनलाइन टाकला तर काही दिसतच नाही, कारण जुनं रजिस्टर ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीत चढलेलंच नसतं. अशा वेळी जिथे गाडी मुळात नोंदली होती त्याच आरटीओत मूळ आरसी बुक घेऊन जायचं आणि बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या नोंदीची ऑनलाइन नोंद, करून घ्यायची, त्याशिवाय पुढचा एकही अर्ज सबमिट होत नाही. आरसी बुक हरवलं असेल तर आधी पोलीस तक्रार, मग फॉर्म 26 वर डुप्लिकेट. आणि 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लागते, ती नसली की आरटीओतली बाकीची कामं अडू शकतात, त्यामुळे तेही यादीत धरा.

आता पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म 25 वर, मुदत संपायच्या आधीच्या 60 दिवसांत अर्ज करता येतो. गाडी घरात विटांवर उभी असेल तर पासिंग संपलं म्हणून घरी येऊन कुणी दंड करत नाही, नोंदणीची सक्ती ही गाडी चालवायला आहे आणि इन्शुरन्सची सार्वजनिक ठिकाणी वापरायला. पण उशिराची फी मात्र चढत राहते, मोटरसायकलला महिन्याला 300 आणि कारला महिन्याला 500 रुपये. माझ्या गाडीचं पासिंग 2022 मध्ये संपलं, मी 26 महिन्यांनी गेलो, म्हणजे 13,000 रुपये नुसते उशिराचे आणि त्या वेळची नूतनीकरणाची 5,000 रुपये फी वेगळी. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपेक्षा जुन्या कारची नूतनीकरण फी 10,000 आणि मोटरसायकलची 2,000 केली आहे, वर पर्यावरण कर. म्हणून प्रोजेक्ट सुरू करतानाच आरसीवरची तारीख बघा, पासिंगला सहा-आठ महिनेच राहिले असतील तर थांबा, आधी पासिंग करून घ्या आणि मगच गाडी खोला, पाच वर्षं निवांत मिळतात.

आणि संपलेलंच असेल तर तपासणीला गाडी स्वतः चालवत नेऊ नका. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे आणि अपघात झाला तर सगळं अंगावर येतं. टोइंगवाल्याच्या फ्लॅटबेडवर टाकून न्या. तिथे चेसिस नंबर, इंजिन नंबर, ब्रेक, लाइट, टायर, हॉर्न, वायपर बघतात, रंग आरसीवर आहे तोच हवा.

चेसिस नंबरबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. पत्रेवाल्याकडे गाडी देण्याआधी चेसिस आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छापा घ्या, चार फोटो काढा, नंबरवर ग्रीस लावून टेप मारा आणि त्याला स्पष्ट सांगा की इथे ग्राइंडर लावायचा नाही. गंज काढताना नंबर घासला गेला तर गाडी कितीही सुंदर बनवा, तपासणीत ती चोरीची नाही हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते, आणि नंबर पुन्हा पंच करायचा तर त्यालाही आरटीओची परवानगी लागते, मिस्त्री करून देतो म्हणाला तरी करू देऊ नका.

बदल करण्याचंही तसंच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलंय. इंजिन बदलायचं तर आधी मंजुरी, मग बदल, मग आरसीवर नोंद. इंजिन घेताना ज्याच्याकडून घेतलं त्याचं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद मागा, नुसतं भंगारवाल्याने वहीच्या पानावर लिहून दिलेलं चालत नाही. मालकाने परस्पर बदल केले तर कलम 182अ खाली प्रत्येक बदलाला 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रंग बदलायचा असेल तरी आरसीवर नोंद करून घ्या.

गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांपेक्षा जुनी असेल तर जुलै 2021 पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, टू-व्हीलर आणि फोर-व्हीलर दोन्हीसाठी. परिवहन पोर्टलवर फॉर्म 20, सोबत इन्शुरन्स, जुनं आरसी, बाहेरून आणलेली असेल तर कस्टमचे कागद, फी 20,000 रुपये, 60 दिवसांत फॉर्म 23अ मध्ये प्रमाणपत्र, मुदत 10 वर्षं आणि पुढच्या वेळी 5,000. आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर तसाच ठेवता येतो, नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात व्हीए अशी अक्षरं येतात. पण अट अशी की चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा, आणि गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठी. म्हणजे 1974 च्या गाडीत मारुतीचं इंजिन बसवण्याचा विचार असेल तर हा दरवाजा तुम्ही स्वतःच बंद करताय, याचा आधी विचार करा. माझी 82 ची, मला अजून वेळ आहे, म्हणून मी मूळ इंजिनच बोअर करून घेतलं, खर्च जास्त झाला पण तेच बरोबर वाटलं.

सोसायटीत राहत असाल तर खरी परीक्षा तिथे. आदर्श उपविधींप्रमाणे पार्किंगची जागा ज्या सभासदाकडे वाहन आहे त्याला मिळते, सर्वसाधारण सभा ठरवेल तो चार्ज गाडी लावा न लावा भरावा लागतो, आणि दुसरी जागा मिळाली तरी ती शिल्लक असेपर्यंतच, वर्षावर्षाने. मला कमिटीने पत्र दिलं की ही गाडी चालत नाही म्हणजे हे वाहन नाही, हे सामान आहे, उचला. तर त्यांना मी कायद्यातली मोटार वाहनाची व्याख्या दाखवली, ज्यात बॉडी न बसवलेल्या नुसत्या चेसिसलाही मोटार वाहन म्हटलंय. कमिटी गप्प बसली असं नाही, पण बोलणं तिथून सुरू झालं. माझा सल्ला, पत्र यायची वाट बघू नका. काम सुरू करायच्या आधी स्वतःच सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या: गाडीचा नंबर, आरसीची प्रत, पार्किंग वाटपाचं पत्र, अंदाजे किती महिने, काम कोणत्या वेळेत करणार, पार्किंगमध्ये वेल्डिंग आणि स्प्रे पेंटिंग करणार नाही याची हमी, तेल सांडलं तर मी साफ करीन हे वाक्य. दर तीन महिन्यांनी काम कुठवर आलं याचे दोन फोटो सेक्रेटरीला पाठवा, लोकांना भीती गाडीची नसते, ती कायमची तिथेच सडणार याची असते. सुटे भाग मात्र स्वतःच्या रेषेच्या आत, जिन्याखाली किंवा डक्टमध्ये बोनेट ठेवलं तर आगीच्या वेळी वाट अडते आणि तिथे कमिटीचं शंभर टक्के बरोबर असतं. वाद मिटलाच नाही तर उपनिबंधक आणि सहकार न्यायालय आहे, पण शेजाऱ्यांशी तिथपर्यंत न जाता मिटलं तर चांगलं.

बंगला असेल तर मोकळीक जास्त, तरी पत्र्याची पक्की शेड टाकायची तर महापालिकेची किंवा ग्रामपंचायत हद्दीत तिथल्या नियोजन प्राधिकरणाची परवानगी बघा, बाजूचं सामासिक अंतर (घर आणि कुंपणामध्ये मोकळी सोडायची जागा) शेडने बंद करता येत नाही. पावसाळ्यात ताडपत्रीवर आणि जुन्या टायरमध्ये पाणी साचलं की डासांच्या अळ्या होतात, पालिकेची माणसं तपासणीला येतात आणि नोटीस देतात, आणि डेंग्यू झालाच तर तो आधी आपल्याच घरात होतो. टायर आडवे ठेवायचेच नाहीत, टांगून ठेवा.

पेट्रोल, हा भाग लोक हलक्यात घेतात. विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवता येतं असं 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात आहे, पण कायदा परवानगी देतो म्हणून फ्लॅटमध्ये कॅन भरून ठेवू नका. टाकी खोलायच्या आधी रिकामी करा, काम नसेल तेव्हा बॅटरी काढून ठेवा, जवळ एक अग्निशामक सिलिंडर ठेवा. काढलेलं इंजिन ऑइल गटारात सोडायचं नाही, ते घातक कचऱ्यात येतं, गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये नेऊन द्या. जुनी बॅटरी डीलरला परत, तो पैसेही देतो. आवाजाची मर्यादा निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 मध्ये 45 डेसिबल आहे, ग्राइंडर याच्या कितीतरी वर जातो, म्हणून दुपारी पण नको, सकाळी दहा-साडेदहानंतर तासभर बरा. आणि दुसऱ्यांच्या गाड्या पैसे घेऊन घरी दुरुस्त करायला लागलात तर तो धंदा झाला, त्याला वेगळे परवाने लागतात.

रस्त्यावर मात्र खोललेली गाडी एक दिवसही ठेवू नका. सार्वजनिक जागी 10 तासांपेक्षा जास्त बेवारस सोडलेलं वाहन उचलायचा आदेश गणवेशातला पोलीस मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 खाली देऊ शकतो, आणि पालिका धूळ खात पडलेल्या गाडीवर नोटीस चिकटवते, मुदतीत मालक आला नाही की गाडी यार्डात आणि तिथून लिलावात. तिथे तुमच्या मूळ डॅशबोर्डची किंमत लोखंडाच्या किलोने होते. गावी जाणार असाल तर शेजाऱ्याला सांगून ठेवा की गाडीवर काही कागद चिकटवलेला दिसला तर फोटो पाठव.

इन्शुरन्सचं विचारताना एजंटला स्पष्ट सांगा की गाडी उभी आहे, चालवणार नाही, फक्त आग आणि चोरीचं कव्हर मिळेल का. आरटीओच्या कामासाठी मात्र थर्ड पार्टी चालू लागते, ती तारीख आणि तपासणीची तारीख जुळवून घ्या, उगाच वर्षभर आधी काढून ठेवू नका.

आणि जर काम होणारच नाही असं ठरलं, पैसे संपले किंवा चेसिसच कुजलेली निघाली, तर गाडी तुकड्यांनी भंगारात घालून विसरून जाऊ नका. गाडी कायमची निकामी झाली तर 14 दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) मिळतं आणि त्यावर नवीन खाजगी गाडीच्या करात सवलत मिळू शकते. नोंदणी रद्द होईपर्यंत त्या नंबरचे मालक तुम्हीच असता, आणि तुमची नंबर प्लेट दुसऱ्या कुठल्या गाडीवर फिरली तरी पोलीस आधी तुमच्याच दारात येतात, म्हणून प्लेटा स्वतः काढून घ्या आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय फाइल बंद करू नका.