चौऱ्याहत्तर सायकलींत म्हातारी झालेली बॅटरी

लॅपटॉप टेबलावर किंचित डुगडुगायला लागला, तेव्हा मला वाटलं टेबलाचाच पाय आखूड झालाय. मग टचपॅड दाबला जाईना. वाकून पाहिलं तर तळाचं झाकण एका बाजूने केसभर वर आलेलं. बॅटरी फुगली होती. गंमत म्हणजे ती मी फारशी वापरलीच नव्हती. तीन वर्षं लॅपटॉप टेबलावरच होता, सतत चार्जरला जोडलेला. लाइट गेली तरच काय तो बॅटरीवर चालायचा.

दुरुस्तीला देण्याआधी विंडोजमधून बॅटरीचा रिपोर्ट काढला. मूळ क्षमता ५०,००० मिलीवॅट-तास, उरलेली ३१,०००. सायकल काउंट ७४. सायकल म्हणजे एकूण १०० टक्के चार्ज खर्ची पडणं. आज निम्मा वापरला, उद्या निम्मा, तरी हिशोबात एकच सायकल. लॅपटॉपच्या बॅटऱ्या सहसा काही शे सायकली काढतात. हल्लीच्या मॅकबुकसाठी तर ॲपल १,००० चा आकडा देतं. माझी ७४ मध्येच आटोपली.

म्हणजे बॅटरी वापरूनच झिजते असं नाही. ती नुसती बसूनही झिजते, आणि भरलेल्या पोटाने उकाड्यात बसली तर फार लवकर झिजते.

लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनाला, म्हणजे जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना, २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आतला मामला असा: एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट-निकेलसारख्या धातूंचं ऑक्साइड, मध्ये इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयनांना ये-जा करू देणारा द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघतात आणि ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. बॅटरी वापरली की परत फिरतात.

अगदी पहिल्या चार्जिंगलाच ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा धरतो. तो लागतोच, तो नसेल तर इलेक्ट्रोलाइटची ग्रॅफाइटशी सतत झटापट चालू राहील. पण हा पापुद्रा वर्षानुवर्षं जाड होत जातो आणि जाड होताना लिथियम गिळतो. त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा ये-जा करत नाही. बॅटरीचा बॅकअप हळूहळू कमी होत जातो, त्याचं मोठं कारण हेच.

आता पूर्ण चार्ज झालेल्या सेलकडे, म्हणजे बॅटरीतल्या अशा एका जोडीकडे, बघू. ग्रॅफाइट लिथियमने ठासून भरलेलं, जवळजवळ १० टक्के फुगलेलं, पापुद्र्याला ताण. पलीकडे ऑक्साइडमधून बरंचसं लिथियम निघून गेल्यामुळे त्याची रचना अस्वस्थ, आणि सेलचा व्होल्टेज ४.२ किंवा त्याच्याही वर. एवढ्या व्होल्टेजला इलेक्ट्रोलाइटचं हळूहळू विघटन होतं आणि त्यातून वायू सुटतो. माझं झाकण वर उचललं ते याच वायूने. निम्म्या चार्जला हाच सेल ३.७ व्होल्टच्या आसपास असतो आणि बराच निवांत असतो.

‘चार्जर काढला नाही तर ओव्हरचार्ज होईल’ ही भीती मात्र खोटी आहे. बॅटरी भरली की आतलं सर्किट तिच्याकडे जाणारा करंट थांबवतं आणि लॅपटॉप थेट ॲडाप्टरवर चालतो. धोका जादा भरण्याचा नाही. महिनोन् महिने शंभरावर बसून राहण्याचा आहे.

त्यात उष्णतेची भर. रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचा वेग साधारण दुप्पट होतो. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवला की खालच्या जाळ्या बुजतात. गेम खेळत चार्जिंगला लावला की प्रोसेसर आणि बॅटरी दोन्ही एकदम तापतात. चार्जिंगच्या वेळापत्रकाची काळजी करणारे आपण त्या बुजलेल्या जाळ्यांकडे बघतही नाही, याचं मला नवल वाटतं.

उपाय सोपा आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर, काहींत ६० टक्क्यांवर, थांबवायची सोय असते. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ती सापडते. लॅपटॉप कायम टेबलावरच असेल तर ती चालू करायची आणि चार्जर खुशाल लावून ठेवायचा. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढून १०० करायचे. एक दिवस शंभरावर राहिल्याने काही बिघडत नाही. सोय नसेल, तर अधूनमधून चार्जर काढून चाळिसापर्यंत उतरू द्यायची आणि मग लावायची.

‘बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करा’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. त्या बॅटऱ्यांना ‘मेमरी’चा त्रास होता, म्हणून त्या अधूनमधून तळापर्यंत रिकाम्या कराव्या लागत. लिथियम-आयनला ते लागत नाही, उलट खोल उतरवल्याने तिची झीज वाढते. शून्याची एक वेळ मात्र मान्य: टक्के दाखवणारा हिशोब चुकायला लागला आणि लॅपटॉप १५ टक्के दाखवत असताना धाडकन बंद झाला, तर एकदा पूर्ण भरून, पूर्ण उतरवून बघायचा. त्याने आकडा ताळ्यावर येतो. गेलेली क्षमता परत येत नाही.

लॅपटॉप काही महिने कपाटात जाणार असेल तर निम्मा चार्ज ठेवून, बंद करून ठेवायचा. रिकामा ठेवला तर उरलासुरला चार्जही झिरपतो, व्होल्टेज फार खाली जातो आणि मग संरक्षक सर्किट बॅटरीला चार्जच घेऊ देत नाही.

आणि फुगलेली बॅटरी दिसलीच, तर तिला टोचायचं नाही, दाबून झाकण बसवायचं नाही, पुन्हा चार्जिंगला लावायची नाही. मी झाकण अंगठ्याने दाबून पाहिलं होतं. दुरुस्तीवाल्याने ते ऐकून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून आठवते. नवी बॅटरी बसवून झाल्यावर त्याने स्वतःच सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा ८० वर आणून ठेवली.