पाकीट फोडल्यावर काय बदलतं

बंद पाकिटातलं शिजवलेलं चिकन कपाटात वर्षभर राहतं, पण फोडलं की फ्रीजमध्ये ठेवूनही तीन-चार दिवसांत संपवावं लागतं. ही सूचना कंपनीने उगाच छापलीय असं बऱ्याच जणांना वाटतं. पण तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

निकोला आपेर हा फ्रान्समधला मिठाईवाला. काचेच्या बरणीत अन्न भरायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बरणी उकळत्या पाण्यात ठेवायची, ही त्याची रीत. १८१० मध्ये सरकारने त्याला १२,००० फ्रँक बक्षीस दिलं. अन्न का टिकतं हे मात्र त्याला सांगता येत नव्हतं, कारण जंतूंचा उलगडा करणारा पाश्चर अजून जन्मलाही नव्हता. पुढे १८९५ मध्ये अमेरिकेत डबाबंद अन्न विकणाऱ्या कंपनीतला विल्यम अंडरवुड शिंपल्यांचे फुगलेले डबे घेऊन एमआयटी या तिथल्या विद्यापीठातल्या सॅम्युअल प्रेस्कॉटकडे गेला. काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली त्यांची सुप्त रूपं, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, हे त्या दोघांनी दाखवून दिलं. या बीजाणूंना मारायला कुकरसारखी दाबाखालची उष्णता लागते, साधारण १२१ अंश. आजची रिटॉर्ट पाकिटं, म्हणजे सीलबंद करून दाबाखाली तापवलेली अन्नाची पाकिटं, याच तत्त्वावर बनतात. जपानमध्ये १९६८ ला अशा पाकिटातली करी बाजारात आली. आपल्याकडे म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांसाठी असं तयार जेवण बनवलं.

म्हणजे चिकन टिकतं ते आतले जंतू मेलेत आणि बाहेरचे शिरू शकत नाहीत म्हणून. लोणच्यात ओला चमचा घातला की घरात ओरडा बसतो, आणि तिथे तर मीठ, तेल, आंबटपणा राखणीला असतात. या चिकनला भिंत एकच. ती आपण कात्रीने कापतो.

मग अन्नात जंतू शिरले की काय होतं, ते फिलिपिन्समध्ये एम. ए. बार्बर या संशोधकांनी १९१४ साली स्वतःवर अनुभवलं. एका गायीचं ताजं दूध पिऊन काही झालं नाही. तेच दूध काही तास बाहेर ठेवून प्यायल्यावर उलट्या सुरू झाल्या. दुधातल्या स्टॅफिलोकॉकस जंतूंनी तेवढ्या वेळात विष तयार केलं होतं. हे जंतू आपल्या नाकात आणि हातांवरही असतात, आणि त्यांचं विष उकळल्याने जात नाही. म्हणून ‘नंतर चांगलं उकळून घेऊ’ हा भरवसा मला फार धोक्याचा वाटतो.

फ्रीजवरही सगळा भार टाकता येत नाही. लिस्टेरिया हा जंतू थंडीतही हळूहळू वाढतो. तीन-चार दिवसांची मर्यादा आहे ती अशा जंतूंमुळेच.

आमच्या घरी पाकीट फोडलं की लागेल तेवढं कोरड्या, स्वच्छ चमच्याने काढतो. उरलेलं लगेच झाकणाच्या डब्यात जातं, डब्यावर तारखेची चिठ्ठी. कच्च्या चिकनपासून तो डबा लांब. बाहेर राहिलं तर जास्तीत जास्त दोन तास, वैशाखातल्या नागपुरात एकच. आणि न फोडलेलं पाकीट फुगलेलं दिसलं, तर ते उघडायचं नाही, चव घेऊन बघायची नाही, सरळ टाकून द्यायचं.