सांगितलं ते कागदावर जाणार का?

"काही नाही साहेब, बरं आहे." गुन्ह्यात अडकलेल्या मनोरुग्णाचं मानसोपचारतज्ज्ञासोबतच्या पहिल्या बैठकीतलं उत्तर बहुधा एवढंच असतं. ही लबाडी नव्हे. समोर बसलेला माणूस आपलं ऐकतो आणि कोर्टाला अहवालही पाठवतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. इंग्लंडमधल्या बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयांत रुग्णांशी बोलून झालेल्या अभ्यासांतही हीच तक्रार वारंवार येते: बोललो तर अंगाशी येतं, गप्प राहिलो तर 'सहकार्य करत नाही' असा शेरा पडतो.

म्हणून सुरुवात आजारापासून नाही, कागदापासून करायची. अहवालात काय जाईल, काय जाणार नाही, कुणाच्या जिवाला धोका दिसला तर काय सांगावंच लागेल, हे आधी स्पष्ट करायचं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, तसे अपवादही आहेत. अहवाल एकाने लिहावा, उपचार दुसऱ्याने करावेत, हे उत्तम. पण जिथे मुळात एकच मानसोपचारतज्ज्ञ, तिथे वाटणी कुणात करणार?

घरच्यांच्या लेखी हा आजार नसतोच, भानामती असते. त्यावर वाद घातला की बैठक तिथेच संपली. 'कुणी केलंय असं कधीपासून वाटायला लागलं? त्याआधी झोप कशी होती?' असं विचारलं, की पोळ्यापासून दिवाळीपर्यंतची हकिकत आपोआप निघते.

सगळ्यात अवघड काळ येतो तो गोळ्या लागू पडल्यावर. आवाज थांबतात, संशय ओसरतो आणि आपल्या हातून काय झालं ते लख्ख दिसायला लागतं. अशा गुन्ह्यांत बळी पुष्कळदा घरचंच माणूस असतं. मनोविकारामुळे न कळत केलेलं कृत्य गुन्हा न मानणारं भारतीय न्याय संहितेचं कलम 22 (पूर्वीच्या दंड संहितेचं 84) कोर्टात वाचवेलही, पण रात्री झोप लावत नाही. कर्मचारी 'पेशंट सुधारला' म्हणून निर्धास्त होतात, नेमका तेव्हाच आत्महत्येचा धोका वाढू शकतो. या टप्प्यावर घटनेचा तपशील उकरण्याची घाई करू नये. आधी झोप, जेवण, दिवसाचा क्रम.

ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनुसार सायकोसिससाठी (भास-भ्रमांच्या आजारासाठी) विचार-वर्तन उपचाराच्या (सीबीटी) किमान 16 बैठका लागतात. आपल्याकडे पेशीची तारीख, पोलीस बंदोबस्त नसणं आणि थेरपिस्टची बदली यांत साखळी तुटते. नवीन माणसापुढे तेच सगळं पहिल्यापासून सांगणं रुग्णाला शिक्षेसारखं वाटतं. जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी (ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी) एकही मराठवाड्यात नाही. नांदेडच्या आईला पुण्याचं येरवडा मनोरुग्णालय म्हणजे साडेचारशे किलोमीटर. घरच्यांसोबतची बैठक मग फोनवरच उरकते.

तरी ती घ्यावीच, कारण सुटताना द्यायचा कागद घरच्या बोलीत लिहायचा असतो: "दोन रात्री डोळा लागला नाही, ताटातल्या भाकरीचा वास घेऊन ती बाजूला सारली, तर तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात न्यायचं."