रात्रपाळीला कोण? कोकणातल्या परिचारिका-टंचाईची पार्श्वभूमी

‘बांबोळीक न्हेलो’ एवढं म्हटलं की सिंधुदुर्गात पुढचं सांगावं लागत नाही. अपघात असो, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप असो की अडलेलं बाळंतपण, सावंतवाडी-दोडामार्गची गाडी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळते. २०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले ते याचमुळे.

या धावपळीचं कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: डॉक्टर नाहीत. ते खरं आहे, पण अर्धंच. डॉक्टर राउंड घेऊन, औषध लिहून जातो. रात्रभर सलाइन, नाडी, लघवीचं प्रमाण बघत बसते ती सिस्टर. ती नसेल तर डॉक्टर असूनही रुग्ण ठेवून घ्यायची कुणाची हिंमत होत नाही आणि चिठ्ठी लिहिली जाते, ‘पुढील उपचारासाठी’.

ही टंचाई आजची नाही. देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रशिक्षित परिचारिकांची संख्या जेमतेम ७,००० भरली, म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक. कारण पैशांइतकंच सामाजिक होतं. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, रात्री घराबाहेर राहायचं, हे ‘चांगल्या घरच्या’ मुलीचं काम मानलं जात नव्हतं. त्यामुळे सुरुवातीला या कामात ख्रिस्ती मुली जास्त दिसतात. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी विधवांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवलं, तेव्हाही टीका झालीच. कोकणातल्या गावात तोवर सुईण होती आणि ती पुढेही बरीच वर्षं पुरली. घाटावर मिरजेला मिशनचं रुग्णालय होतं. ज्याला परवडे तो आंबा घाटातून तिकडे जाई.

मुली शिकू लागल्या, तशी ही लाज ओसरली. पण तोवर कोकणाला दुसरी सवय जडली होती, माणसं बाहेर पाठवायची. गिरणगावच्या मनीऑर्डरवर रत्नागिरी जिल्ह्यातली घरं चालली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या मनीऑर्डरी आटल्या, तरी मुंबईची वाट मोडली नाही. फरक एवढाच, की बाप साच्यावर गेला होता आणि मुलगी नर्सिंग करून वॉर्डात गेली. ती पुढे आखातात किंवा इंग्लंडातही जाते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. गावात कंत्राटी नोकरी, अनियमित पगार आणि एकटीला राहायला गळकं क्वार्टर मिळणार असेल, तर चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग करून तिने कशासाठी थांबावं?

बाकीच्या कामांत कोकणाने पोकळी भरून काढली. आंब्याच्या बागा नेपाळी गुरखे राखतात, बोटींवर परप्रांतीय खलाशी असतात. रुग्णालयाची पोकळी तशी भरत नाही. तिथे नोंदणी लागते, भाषा लागते, आणि मुख्य म्हणजे मंजूर पद लागतं.

पदाचं गणित इथे फार नडतं. नियमाने सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० आणि २०,०००. म्हणजे मोजायची ती डोकी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. २०११ ला रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. मागे उरलं कोण, ते या आकड्यावरून कळतं. डोकी कमी झाली. पण वाड्या तेवढ्याच राहिल्या, मधले साकव आणि खाड्याही तेवढ्याच. शिवाय उरलेल्यांत म्हातारी माणसं जास्त, त्यांचं दुखणं लांबणारं. एएनएम, म्हणजे उपकेंद्राची गावोगाव फिरणारी परिचारिका, एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर जाईपर्यंत दुपार होते, हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

पाळीचा हिशोब तर कागदावरही करता येतो. चोवीस तासांत तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. एकीने आठवड्याला सहा केल्या, तर प्रत्येक पाळीत फक्त एक परिचारिका ठेवायला साडेतीन जणी लागतात. वॉर्डात एक आणि प्रसूतिगृहात एक म्हटलं की सात, तेही एकीनेही रजा न घेता. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात रजेसाठी ३० टक्के जादा माणसं धरलेली आहेत. प्रत्यक्षात एक बाळंतपणाच्या रजेवर, एक प्रतिनियुक्तीवर, एक पद रिक्त, आणि उरलेल्या चौघी ‘अतिरिक्त कार्यभार’ ओढत असतात.

२००५ साल इथे महत्त्वाचं. त्या वर्षी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली. बाळंतपणं घरातून दवाखान्यात आली, हे चांगलंच झालं. पण वाढलेल्या कामासाठीची भरती बरीचशी कंत्राटी होती. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून रुजू होणाऱ्या राज्य कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. आडगावातल्या सरकारी नोकरीत टिकून राहायचं जे एक मोठं आमिष होतं, ते माझ्या मते तिथेच संपलं. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतातून भरतीच्या विरोधात राज्यभरच्या परिचारिका संपावर गेल्या, त्याची मुळं इथे आहेत.

परिणाम काय होतो ते महाडच्या उदाहरणाने कळावं. तिथल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं. रक्तदाबाची ती स्वस्त गोळी, आणि तिने असंख्य जीव वाचले. पण गोळी एकदा देऊन भागत नाही. हातपाय गरम होईपर्यंत ती दर तीन तासांनी द्यायची, दरम्यान नाडी आणि बीपी बघत राहायचं. सर्पदंशाच्या लशीचंही तसंच: रक्त गोठतंय का, हे सहा-सहा तासांनी तपासावं लागतं. औषध कपाटात आहे, पण पहाटे तीनला उठून बघणारं कोणी नाही, अशा ठिकाणी रुग्णाला गाडीत घालणं हाच उपचार ठरतो.

गणपतीत गावं भरतात. तेव्हा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला स्वतःच्या घरच्या गणपतीला जायला रजा मिळणं मुश्कील. आणि मुंबईहून कोकण रेल्वेने उतरणाऱ्या चाकरमान्यांत चार-दोन तरी परिचारिका असतातच. पाच दिवस त्यांच्या पडवीत म्हातारी माणसं बीपी मोजून घ्यायला येऊन बसतात. गौरी-गणपती बुडाले की त्या परतीच्या गाडीला लागतात.